शाळा सोडल्याचे कारण

जुन्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट असते आणि त्याच्या तळच्या खणात फडक्यात गुंडाळलेले जनरल रजिस्टर असते. एडवण, कोरे, दातिवरे, मथाणे, उसरणी या पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीतल्या एका शाळेत असेच एक रजिस्टर मांडीवर घेऊन मी तासभर वाचत बसलो होतो. पाने कडेने कुरतडलेली, शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर मोत्यासारखे. नाव, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख आधी आकड्यांत आणि मग अक्षरी, मागची शाळा, दाखल झाल्याचा दिनांक. उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, शाळा सोडल्याचे कारण, शेरा.

‘प्रगती’च्या रकान्यात ओळीने सगळ्यांपुढे एकच शब्द होता : चांगली. वर्तणूकही सगळ्यांची चांगलीच. पुढचा रकाना मात्र बोलका होता. ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘परगावी गेल्यामुळे’, आणि पान उलटावे तसे पुन्हा पुन्हा ‘सतत गैरहजर’. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, सतत गैरहजर असल्याने नाव कमी केले. एका मुलाची सगळी शाळा या एका ओळीत संपली होती. ते कुठे गेले, का गेले, जाताना त्याला वाचता येत होते का, याचा त्या ओळीत मागमूस नव्हता.

हीच रजिस्टरे २०२३ मध्ये राज्यभर कपाटांतून बाहेर निघाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, पाने तपासली गेली, मोडी वाचणारे जाणकार बसवले गेले. आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबांना जातपडताळणीच्या वेळी आजोबांच्या शाळेचा दाखला किती मोलाचा असतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. जातीची साक्ष हे रजिस्टर तीन पिढ्यांनंतरही देते, कारण तो रकाना आपण जपून भरला. शिकण्याची साक्ष ते देत नाही, कारण तो रकाना आपण ‘चांगली’ लिहून मोकळा केला.

मुलाच्या शिकण्याची नोंद पहिलीपासून दहावीपर्यंत आणि त्यापुढेही सलग ठेवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण ती नोंद ज्या वर्गातून निघाली, त्याच वर्गात मूल हातचे जाण्याआधी परत आली पाहिजे. वर गेलेली आणि परत न आलेली नोंद संगणकात असली तरी त्या तळच्या खणातच पडून राहते.

सलग नोंद कशासाठी, हे समजायला साधा हिशेब पुरतो. एका शाळेच्या पटावर जूनमध्ये ४० मुले आहेत. पुढच्या जूनमध्येही ४०. अहवालात लिहिले जाते, पट कायम. पण मधल्या वर्षात ८ मुले निघून गेली असतील आणि ८ नवी आली असतील, तर आकडा तोच राहिला आणि मुले बदलली. गेलेली ८ कुठल्या शाळेच्या पटावर चढली की कुठल्याच नाही, हे ४० या आकड्याला सांगता येत नाही. ते सांगायला प्रत्येक मुलामागे जावे लागते.

पालघर जिल्ह्यात तर जावेच लागते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डोंगर, बंदर आणि कारखाने एकमेकांना लागून आहेत आणि तिघांच्या मुलांचे वर्ष वेगवेगळे चालते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबे दिवाळी झाली की वसई, वाडा, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. डहाणू-तलासरीचे तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मोठा भाऊ समुद्रावर गेला की धाकट्याच्या डोक्यात शाळेआधी बोट शिरते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहारपासून मराठवाड्यापर्यंतची माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. ठेकेदार बदलला की खोली बदलते आणि वर्ष अर्ध्यावर असताना मुलाची शाळा बदलते, कधी माध्यमही बदलते. एडवणसारख्या गावात मांगेल्यांची आणि वाडवळांची घरे वाड्यांत आणि बंदराला धरून असली, तरी आजूबाजूच्या पाड्यांवरची मजुरी करणारी कुटुंबे हंगामाप्रमाणे हलतच असतात.

अशा ठिकाणी एका दिवसाची मोजणी फसते. शाळाबाह्य मुले शोधण्यासाठी राज्य सरकारने ४ जुलै २०१५ ला एका दिवसात राज्यभर सर्वेक्षण केले. जुलैत भट्टी विझलेली असते. कुटुंब पाड्यावर भात लावत असते आणि मूल घरात असते. त्या दिवशी दारात गेलेल्या माणसाला ते मूल शाळेचेच वाटणार. तेच मूल जानेवारीत भट्टीवर कच्च्या विटा उलटत असते. चूक मोजणाऱ्याच्या मेहनतीत नव्हती. वर्षभर हलणाऱ्या आयुष्याला एका तारखेत पकडू पाहिले, चूक तिथे होती.

ही गोष्ट सरकारी यंत्रणेच्या आधी काही माणसांनी ओळखली होती. विवेक पंडित यांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात जुन्या ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळा झोपडीपर्यंत गेली. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि मग कोसबाडच्या टेकडीवर हेच केले होते. वारल्यांची मुले गुरे घेऊन रानात जातात हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. मुलाला ‘सतत गैरहजर’ न ठरवता त्यांनी आधी पाहिले की ते हजर कुठे आहे. शिक्षणातल्या नोंदीचा अर्थ मला तरी यापेक्षा नेमका कुठे सापडलेला नाही. आधी मूल पाहावे, आणि दिसले त्याप्रमाणे शाळा बदलावी.

आपल्या सरकारी नोंदींचा जन्म मात्र वेगळ्या गरजेतून झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली गेली आणि कागदावरची लाखो नावे वर्गात सापडली नाहीत. पटावर अनुदान मिळते, पटावर पोषण आहाराचा तांदूळ मिळतो, पटावर शिक्षकांची पदे मंजूर होतात. म्हणून पट फुगतो. तो रोखणे आवश्यकच होते. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली आणि प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर चढू लागली. देशपातळीवर यू-डायस या शाळांच्या माहितीच्या प्रणालीत २०२२-२३ पासून शाळेच्या बेरजांऐवजी एकेका मुलाची नोंद मागितली जाऊ लागली. कायम शिक्षण क्रमांक आला, मग बारा आकडी ‘अपार’ क्रमांक आला. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे पदांची मंजुरी, आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येशी बांधली गेली.

म्हणजे पायाभरणी झाली आहे. प्रत्येक मुलाला क्रमांक आहे आणि तो शाळा बदलली तरी बदलत नाही. पण या क्रमांकाचा मुख्य प्रश्न आजवर ‘हे मूल खरोखर आहे का?’ हाच राहिला. ‘हे मूल शिकते आहे का?’ हा प्रश्न त्याच्या मागे उभा राहिला आणि ‘पुढच्या आठवड्यात या मुलासाठी कोण काय करणार?’ हा तर रांगेतही आला नाही.

पहिल्या प्रश्नाची सक्ती मुलावर कशी उलटते, हे वर्गात बसल्यावर दिसते. पाड्यावरच्या वर्गात मुलांना वाढदिवस विचारा. एक जून, एक जून, एक जून असे ओळीने उत्तर येते. जन्म घरी झालेला, तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही, मग दाखल करताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख धरली. पुढे आधार काढताना दुसऱ्याच कोणी तिसरीच तारीख घातली, आडनावाचे स्पेलिंग बदलले. आता दोन्ही जुळत नाहीत. मूल रोज पहिल्या बाकावर बसते, हजेरीला ‘हजर’ म्हणते, पण जुळलेल्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार नसल्यामुळे शाळेचा प्रवेश नाकारता येणार नाही असे सांगितले. ते मूल वर्गात बसले आहे खरे, पण मोजणीत नाही, आणि मोजणीत नसलेल्याच्या वाट्याचा शिक्षक कमी होतो. सलग नोंदीची पहिली अट म्हणून मी हीच घालीन : समोर बसलेले मूल खरे, आणि कागद चुकला असेल तर दुरुस्ती कागदाने करून घ्यावी.

दुसरी अट परतीची आहे आणि तिच्यासाठी पुरावा भक्कम आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १०० शाळांमधल्या शिक्षकांना त्यांच्या वर्गाच्या चाचणीचे सविस्तर विश्लेषण दिले : कोणते मूल कशात मागे, वर्ग कुठे अडतो. वर्षअखेर त्या वर्गांची मुले इतर शाळांपेक्षा पुढे गेलेली आढळली नाहीत. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना मुलांची वाचनपातळी दाखवली, शिक्षण समितीचे हक्क समजावले. केवळ माहितीने शाळेत काही हलले नाही. पण गावातल्या तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची रीत दिली आणि त्यांनी वर्ग घेतले, तिथे येणारी मुले वाचू लागली.

आकड्याला हात नसतात, हे यातून शिकायचे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत म्हणूनच टिकली. तिची नोंद एवढीशी आहे. मुलाला अक्षर येते, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट येते, हे पाच मिनिटांत तोंडी पाहायचे आणि त्याच दिवशी इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट करायचे. तिथे मोजणे आणि शिकवणे यांत एका दिवसाचेही अंतर नाही. याच संस्थेच्या ‘असर’ या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी ४८.८ टक्के निघाली. निम्म्याहून अधिक मुले तीन वर्षे मागे आहेत आणि पाचवीचे पुस्तक उघडून बसली आहेत. त्यांतले प्रत्येक मूल कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात मागे पडले, हे कोणाला तरी त्याच महिन्यात कळायला हवे होते.

वेळेवर कळले तर काय होते, हे शिकागो शहराने दाखवले. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी लावून पाहिल्या. नववीचे वर्ष वेळेत आणि फारसे विषय न गमावता पार करणारे मूल शालान्त टप्पा गाठण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट आहे, असे त्यांना २००५ मध्ये दिसले. मग शाळांना वर्ष संपल्यावरचा निकाल देण्याऐवजी चालू वर्षात घसरू लागलेल्या मुलांच्या याद्या मिळू लागल्या. शिक्षक त्या याद्या घेऊन बसले, प्रत्येक नावामागे एक माणूस लागला आणि शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण पुढच्या वर्षांत चढत गेले. शिकागोची गरिबी वेगळी, आपली वेगळी. पण आपल्याकडेही पाचवी किंवा आठवी संपली की गावातली शाळा संपते, पुढे शेजारच्या गावचे किंवा सफाळ्याचे हायस्कूल असते आणि मुले गळतात ती या दोन शाळांमधल्या वाटेवर. दाखला देणारी शाळा म्हणते मूल गेले, घेणारी म्हणते आलेच नाही. सलग नोंदीचा खरा उपयोग या वाटेवर आहे. ३० जूनपर्यंत दाखला कुठेच जमा झाला नाही, तर ते नाव दोन्ही मुख्याध्यापकांसमोर आले पाहिजे आणि जुलैत कोणीतरी त्या घरी गेले पाहिजे.

आता एका वर्गातली गोष्ट सांगतो. याच किनाऱ्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरीची एक मुलगी मे महिन्याच्या तोंडावर भट्टीवरून परतली होती. बाईंनी तिला पाटी दिली. तिने नाव लिहिले, ते वेलांटीसह बरोबर लिहिले. मग पुस्तक दिले तर बोट अक्षरावरून सरकेना. मी बाईंना विचारले, हिच्या चाचणीचे गुण तुम्ही वर पाठवता ना? म्हणाल्या, “सर, पाठवते. हजेरी पाठवते, गुण पाठवते, आहार पाठवते, फोटो पाठवते. नेटवर्क नसले की वर टेकाडावर जाऊन पाठवते.” आणि परत काय येते? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक दोनशेपानी वही काढली. प्रत्येक मुलाला एक पान. कोणत्या तारखेला कोणते जोडाक्षर अडले, कोण किती दिवस आले नाही, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, कोण घरी वारली बोलते आणि ‘पाणी’ म्हटले की लाजते. त्या मुलीच्या पानावर नोव्हेंबरच्या एका तारखेनंतर रेघ होती आणि रेघेखाली लिहिले होते, ‘शब्दापर्यंत आली होती’.

त्या एका ओळीत मला सगळी प्रणाली दिसली. सहा महिन्यांपूर्वी ही मुलगी शब्दापर्यंत आली होती, म्हणून आता सुरुवात अक्षरापासून नको, शब्दापासून करू, हे बाई जाणत होत्या. पण भट्टीशेजारच्या शाळेला ही ओळ कधी कळली नाही. आणि उद्या बाईंची बदली झाली की वही त्यांच्यासोबत जाईल. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे, बालरक्षक आहेत, हंगामी वसतिगृहांची योजना आहे. कल्पना योग्य आहेत. या वहीतली ओळ मुलासोबत भट्टीपर्यंत पोहोचली आणि परतीच्या वाटेवर भर घालून माघारी आली, तर त्या कल्पनांना अर्थ येईल.

सलग नोंदीविरुद्धचे आक्षेप मला हलके वाटत नाहीत. पहिला आक्षेप असा की नोंद मुलाच्या कपाळी चिकटते. पहिलीत ‘मंद’ लिहिले गेले की आठवीतल्या शिक्षकाची नजरही तीच होते, आणि ज्या मुलाला वर्गाची भाषाच परकी आहे त्याच्याबाबत तर हे सर्रास घडेल. मातृभाषेच्या रकान्यात सवयीने ‘मराठी’ लिहून वारलीचे, मांगेलीचे, भोजपुरीचे मूल मराठीचे ठरवायचे आणि मग ते मराठीत मागे आहे असे नोंदवायचे, हा अन्याय दुहेरी आहे. म्हणून नोंद स्वभावाची नको, कौशल्याची हवी. ‘हुशार नाही’ असे कधीच लिहू नये. ‘हातच्याची वजाबाकी अजून नाही’ असे लिहावे, कारण ते पुढच्या महिन्यात खोडता येते.

दुसरा आक्षेप खोट्या नोंदीचा. आकड्यावर शिक्षकाची वेतनवाढ, बदली किंवा अब्रू टांगली की आकडा मुलाचा राहत नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात गुणांवर बक्षिसे आणि शिक्षा बांधल्या. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील फेरफारात गुंतल्याचे उघड झाले. आपल्याकडेही मध्य प्रदेशातल्या सरकारी चाचणीतले गुण आणि त्याच मुलांची स्वतंत्रपणे घेतलेली चाचणी यांत मोठी तफावत आढळली. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांच्या मोबाईलवर फिरतात, त्याचेही कारण हेच. तपासणाऱ्याला भरलेला रकाना हवा असतो, म्हणून रकाना भरला जातो. शिकण्याची नोंद शिक्षकाला पकडण्यासाठी वापरायची नाही, हे सरकारने लेखी सांगावे आणि पाळावे. त्याशिवाय ‘अजून येत नाही’ हे खरे वाक्य कोणी लिहिणार नाही.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. जात, उत्पन्न, अपंगत्व, आईवडिलांचे काम, मुलाचे गुण हे सगळे एका ठिकाणी साठले की ते कोणाच्या हाती पडेल? अमेरिकेत ‘इनब्लूम’ नावाचा मोठा विद्यार्थी-माहिती प्रकल्प पालकांच्या विरोधामुळे २०१४ मध्ये बंद करावा लागला. त्यामागे मोठ्या दात्यांचा पैसा होता, पण विश्वास नव्हता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पण भट्टीवरच्या आईचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. तिच्या मुलीबद्दल काय लिहिले आहे, ते वर्षातून दोनदा तिच्या भाषेत तिला वाचून दाखवावे. चुकले असेल तर ते बदलायचा तिला हक्क असावा. आणि शाळा संपल्यावर मुलाच्या नावासह असलेल्या बारीकसारीक नोंदी पुसून टाकाव्यात. अभ्यासासाठी नावाविना आकडे उरले तरी पुरेसे आहेत.

मग ठेवायचे काय? थोडेच. वाचनाची पायरी, गणिताची पायरी, सलग गैरहजेरीचे दिवस, डोळे-कानांची तपासणी, घरची भाषा, आणि आधीच्या शिक्षकाने पुढच्यासाठी लिहिलेली एक ओळ. जूनच्या पहिल्या दिवशी हे प्रत्येक शिक्षकाच्या हातात, जमल्यास एका कागदावर, छापून यावे. मूल दहा दिवस आले नाही तर इशारा संगणकावरच न राहता एका नेमलेल्या माणसाकडे जावा. बाकीचे रकाने शिक्षकाच्या डोक्यावरून उतरवावेत, कारण तो वेळ त्या मुलीच्या बोटाखालच्या अक्षराचा आहे. आणि पाच-दहा वर्षांनी प्राथमिकच्या शिक्षिकेलाही कळू द्यावे की तिने अक्षर शिकवलेली मुले पुढे कुठे पोहोचली. आपल्या हातून काय घडले हे न कळता तीस वर्षे काम करायला लावणारा दुसरा व्यवसाय मला आठवत नाही.

त्या जुन्या रजिस्टरातला ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना आपण नेहमी मुलाकडे बोट दाखवून भरला. सतत गैरहजर कोण होते? मूल दर दिवाळीनंतर कुठे जाते हे गावाला माहीत होते, ठेकेदाराला माहीत होते, त्याला घेऊन जाणाऱ्या ट्रकच्या चालकालाही माहीत होते. फक्त नोंद ठेवणारी व्यवस्था तिथे हजर नव्हती. बाईंच्या दोनशेपानी वहीत ती हजर होती, ‘शब्दापर्यंत आली होती’ एवढ्या तीन शब्दांत. ती वही बदलीबरोबर जाणार नाही आणि मुलीबरोबर मात्र जाईल, एवढी सोय करणे हे आपल्या सगळ्या संगणकांचे काम आहे.